बेलभंडार

जीप गावात शिरली आणि तिच्या मागे एकही कुत्रं धावलं नाही.

माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना कडब्याच्या गंजी, आणि मी चाक सांभाळण्यात गुंतले होते. शेजारी बसलेल्या डॉ. मुटुआंनी हात वर करून गाडी थांबवायला लावली. मग इंजिनही बंद करायला सांगितलं. काचा खाली करून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती. एक शेळी ओरडली. बाकी काही नाही.

"ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तेच विचारतोय," ते म्हणाले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा एका आंतरराष्ट्रीय संघटनेचं काम करत होते. बावीस देशांतले पशुवैद्य तिचे सभासद. प्रत्येकानं वर्षातले पंधरा दिवस परक्या मुलखात जाऊन, तिथल्या पशुवैद्याच्या हाताखाली राबायचं, असा तिचा रिवाज होता. त्या वर्षी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली बारा गावं माझ्याकडे आली होती. तिथल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना टोचली की रोग पसरायचा थांबतो, आणि माणसं वाचतात. मदतीला केनियाहून डॉ. मुटुआ आले होते. साठी ओलांडलेला उंच माणूस, बोलणं कमी, हात मात्र असे की चवताळलेलं कुत्रंसुद्धा त्यांच्यापुढे कान पाडून उभं राहायचं.

अकरा गावं झाली होती. प्रत्येक गावात आम्ही पोचायच्या आधी भुंकणं पोचायचं. निमटेक हे बारावं.

चावडीसमोर पोलीस पाटील रंगनाथ ढवळे आमची वाट बघत उभे होते. पन्नाशीचे, अंगानं भरलेले, आवाज मऊ. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, पाहुण्यांना शाल घातली. मी रजिस्टर उघडून गावात कुत्री किती असतील म्हणून विचारलं.

"आमच्या गावात कुत्रं नसतं म्याडम," ते म्हणाले. "पयल्यापासून नाही."

मला हसू आलं. कुत्रं नसलेलं गाव मी तरी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, पाळलेली नसतील, पण भटकी तर असतील. त्यांनी मान हलवली. भटकीही नाहीत.

चहा घेऊन आलेल्या बाईला मी विचारलं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "आमच्या गावात कुत्रं नसतं. पयल्यापासून नाही." गिरणीवाल्याला विचारलं. शाळेच्या मास्तरांना विचारलं. हापशावर पाणी भरणाऱ्या दोन पोरींना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच चालीवर. शाळेत प्रार्थना म्हणतात तसं. मास्तर तर बाहेरगावचे होते, लातूरकडचे. त्यांनी सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉ. मुटुआंना मराठी येत नव्हतं. त्यामुळे ते लोकांकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. त्यांनी मला गल्लीतून चालायला लावलं आणि एकेक गोष्ट बोटानं दाखवत गेले. जवळपास प्रत्येक दारासमोर एक दगडी कुंडी, नाहीतर चेपलेली जर्मनची ताटली होती. एका खुंट्याला दोर होता. त्याचं टोक चावून चावून केसाळ झालेलं, आणि टोकाला रिकामा गळपट्टा. काटेरी कुंपणाच्या खालच्या अंगाला पिवळसर केसांचा पुंजका अडकला होता. एका ओट्याच्या कडेला नखांनी खरवडलेलं होतं.

मांजरं रस्त्याच्या मधोमध पडून होती. आम्ही जवळ गेलो तरी हलली नाहीत. घरांच्या पत्र्यांवर वानरं बसली होती. एक मोठा हुप्प्या आमच्यादेखत खाली उतरला, एका उघड्या दारातून आत गेला आणि भाकरी घेऊन सावकाश बाहेर आला. घरातल्या बाईनं त्याला हाकललं नाही. गावाच्या टोकाला ज्वारीच्या रानाशी एक कोल्हा उभा होता, सकाळी नऊ वाजता, उन्हात. तो आमच्याकडे बघत राहिला, मग वळला आणि गावाच्या दिशेनं चालू लागला.

मी जीपमध्ये येऊन बसले. खरं सांगायचं तर मला तिथून निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी डॉ. मुटुआंचं विमान होतं, लशीच्या बाटल्यांभोवतीचा बर्फ वितळत होता आणि कुत्री नाहीत म्हटल्यावर करायचं तरी काय होतं. मी रजिस्टरात गावाचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य काढलं.

डॉ. मुटुआंनी ते पाहिलं. ते म्हणाले, "मी एकदा असं शून्य लिहिलं होतं. तीस वर्षांपूर्वी. गाव शांत होतं, लोक सभ्य होते, मला घाई होती."

"मग?"

"दोन महिन्यांनी परत गेलो. पाच थडगी होती. त्यातली चार लहान."

मी काही बोलणार, तेवढ्यात भुंकणं ऐकू आलं.

गावामागे एक टेकडी होती, तिच्यावर खंडोबाचं देऊळ. आवाज तिथून येत होता. एकदा, मग थांबून दोनदा. घोगरा, तुटका. मला केवढं हायसं वाटलं सांगू. एक तरी कुत्रं आहे म्हणजे हे गाव इतर गावांसारखंच आहे. मी पेटी उचलली.

टेकडीच्या पायथ्याशी पाटील आडवे आले. त्यांच्या मागे चार-पाच माणसं. दमदाटी अशी कुणी केली नाही. पाटील हात जोडून म्हणाले, "वर नका जाऊ म्याडम. ते कुत्रं न्हाई. देवाचा माणूस हाय, यादू वाघ्या."

वाघ्या म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. खंडोबाला नवसानं वाहिलेला माणूस. तो स्वतःला देवाचं कुत्रं मानतो, जत्रेला देवापुढे भुंकतो, कोटंबा नावाच्या भांड्यात वाढलेलं तोंडानं खातो. पण जत्रा चंपाषष्ठीला असते. तिला उलटून दोन महिन्यांवर दिवस झाले होते. मी पाटलांना तसं म्हटलं. तोवर डॉ. मुटुआ त्यांच्या शेजारून निघून पायऱ्या चढायलाही लागले होते. पाहुण्याला हात लावून अडवणं कुणाला जमलं नाही.

देवळामागे एक ओवरी होती, तिला फळ्यांचं दार, बाहेरून कडी. कवाडाच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. दाराला पाठ लावून एक म्हातारी बसली होती. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. यादू वाघ्याची बायको, सोनाक्का. मी वाकून तिला आत कोण आहे म्हणून विचारलं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. आत शांतता होती.

मी खाली बसले. चढानं दम लागला होता. पाहुणी आलेली, तिला पाणी विचारलं पाहिजे, एवढं भान त्या बाईला होतं. तिनं शेजारचा तांब्या उचलला आणि पेल्यात पाणी ओतलं.

पाणी पेल्यात पडलं आणि आतून तो आवाज आला. फळ्या हादरल्या. आत काहीतरी भिंतीवर आपटलं, आणि परत तेच भुंकणं, एकामागून एक. म्हातारीनं तांब्या चटकन पदराखाली घेतला. दाराला गाल लावून ती हळूहळू फळीवर थोपटत राहिली. लेकराला थोपटावं तसं. आवाज ओसरला.

डॉ. मुटुआ एका फटीतली चिंधी काढून आत बघत होते. त्यांनी ती जागच्या जागी परत बसवली.

"तो भुंकत नाहीये," ते मला हलक्या आवाजात म्हणाले. "त्याचा गळा आवळतोय. पाण्याच्या नुसत्या आवाजानं. तो श्वास घ्यायला धडपडतोय."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. रेबीज मी गाईत पाहिला होता, कुत्र्यांत पाहिला होता. माणसात पहिल्यांदा. पेला माझ्या हातात होता आणि तो खाली ठेवायची मला भीती वाटत होती, आवाज होईल म्हणून.

लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून माणूस उठत नाही. आत जो होता तो दोन दिवसांचा सोबती होता. पण यादूला जे कुत्रं चावलं असेल ते त्याला एकट्याला चावून थांबलं असेल असं कुणी सांगावं? मी सोनाक्काला विचारलं, कुणाला चावलं, कधी, किती जणांना. तिचे ओठ हलले. मग तिनं ओवरीच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथे एका ताटलीत हळदीचा भंडारा होता आणि त्यावर वाळून चुरा होत आलेली बेलाची पानं. तिनं ते बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

बेलभंडार उचलला होता. गावानं शपथ घेतली होती. आमच्याकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडणार नाही.

पाटील आणि ती माणसं मागोमाग वर आली होती. दीपमाळेजवळ उभी राहून बघत होती. मला वाटतं, तेव्हा मी ओरडले असते, पोलिसांचं नाव घेतलं असतं, तर ते गाव कायमचं मिटलं असतं. मी ओरडले नाही याचं श्रेय मला नाही. ते ओठांवरच्या त्या बोटाचं.

मी म्हातारीचा हात हातात घेतला.

"आक्का, तुम्ही बोलू नका," मी म्हटलं. "शपथ मोडू नका. फक्त ऐका. तुमच्या मालकांना मी काही करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही. पण ज्यांना चावलंय आणि अजून काही होत नाहीये, त्यांना वाचवता येतं. आज सुई घेतली तर वाचतील. हे सुरू झाल्यावर नाही."

तिनं सगळं ऐकलं. 'कुणीच करू शकत नाही' यावर तिची मान एकदाच हलली, तिला ते आधीच माहीत असल्यासारखी. मग दाराच्या कडीवरून हात फिरवून उठली, कोनाड्यातली ताटली घेतली आणि पायऱ्या उतरायला लागली.

मी, पाटील आणि ती माणसं तिच्या मागून गेलो. डॉ. मुटुआ ओवरीशी थांबले.

सोनाक्का गल्लीतून चालत गेली. दुपारचे बारा झाले असतील. ती कुणाशी बोलली नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या घरापुढे थांबली, चिमूटभर भंडारा घेऊन दाराच्या चौकटीवर ओढला आणि पुढे निघाली. त्या दारात एक तरणा माणूस येऊन उभा राहिला. त्यानं चौकटीवरचा पिवळा पट्टा पाहिला. मग तोही काही न बोलता आमच्या मागे चालू लागला, आणि चालताना मी पाहिलं, त्याच्या पोटरीवर वाळलेल्या जखमेचे चार वण होते.

भंडारा लागलेलं दुसरं दार. तिथून एक बाई आली, मनगटाभोवती पदर गुंडाळलेली. तिसरं दार मास्तरांचं. ते आधीच पायात चपला घालून उभे होते. कुठे कुणी रडलं नाही, कुणी विचारलं नाही. दारं आपोआप उघडत होती. बाकीचं गाव ओट्यांवर उभं राहून बघत होतं, पत्र्यांवरून वानरं बघत होती, आणि पावलांखेरीज कशाचा आवाज नव्हता. सतरा वर्षांत मी बरंच काही पाहिलं. स्वप्नात येते ती ही चाल.

सातव्या दाराला कुलूप होतं. ते घर ऊसतोडीला गेलं होतं. सोनाक्कानं भंडारा कुलपावर चोळला आणि माझ्याकडे वळून बघितलं, समजलं का, अशा नजरेनं. मी मान हलवली.

नववं दार सगळ्यांत मोठं. त्याच्यापुढे ती थांबली तेव्हा पाटील मागून घाईनं पुढे आले आणि दार अडवून उभे राहिले. घर त्यांचं होतं. दोघं एकमेकांसमोर होते, ती त्यांच्या छातीएवढी. तिनं हात उचलला. चौकट त्यांच्या पाठीमागे होती, म्हणून तिनं भंडारा त्यांच्या सदऱ्यावरच लावला. पाटील दारातून हलले नाहीत. पण त्यांच्या पायांमधून एक चार वर्षांची पोर डोकावून बघत होती. तिच्या गळ्यात ताईत होता आणि कानामागे अजून लालसर असलेला ओरखडा.

पाटलांनी तिला उचलून घेतलं. "ट्रॅक्टर काढा," ते कुणाला तरी म्हणाले.

यादू वाघ्याला डॉ. मुटुआंनी आणि त्या तरण्या माणसानं घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये आणलं. दोघांच्याही हातांत आमचे रबरी हातमोजे होते. वारा लागला तरी त्याचा गळा आवळायचा, म्हणून आम्ही काचा बंद केल्या. सोनाक्का मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्याही हातांना हातमोजे घातले होते, ते तिला फार मोठे होत होते. मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाकीचे. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत अठरा किलोमीटर. वाटेत एका शेतात मोटर चालू होती आणि पाइपातून हौदात पाणी धबधबत होतं. मला आरशात दिसलं. सोनाक्कानं दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले आणि ते शेत मागे पडेपर्यंत तशीच राहिली.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना सुया दिल्या. सोनाक्कालाही, कारण इतके दिवस तीच त्याचं तोंड पुसत होती. कुलूप लागलेल्या घरातला माणूस कुठे आहे ते शोधायला सात दिवस गेले. मुकादमानं सांगितलं कर्नाटकात, कारखान्याचं नाव त्याला येत नव्हतं. आमच्या संघटनेचे बेळगावकडचे एक सभासद ऊसतोड कामगारांच्या पालापालांतून नाव विचारत फिरले आणि शेवटी एका फडातून त्याला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. पुढे ते सगळे जगले. मास्तर मला अजून दिवाळीला फोन करतात.

यादू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डॉ. मुटुआंनी विमान चुकवलं होतं. ते शेवटपर्यंत त्याच्या खोलीबाहेर होते.

मी व्हरांड्यात सोनाक्काजवळ बसले होते. दुसऱ्या बाकावर पाटील बसले होते, नात त्यांच्या मांडीवर झोपलेली. सदऱ्यावरचा पिवळा डाग तसाच. डॉक्टर बाहेर आले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं. सोनाक्का रडली नाही. तिनं गळ्यातली कवड्यांची माळ काढून मुठीत धरली आणि माझ्याकडे वळली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आता बोलते," ती म्हणाली. "जो बोलंल त्याच्या घरचा कर्ता जाईल, असा भंडार उचलला व्हता. बोलले असते तर म्या मारला असता त्याला. आता जायला कुणी राह्यलं न्हाई माझ्या घरात. लिहून घ्या."

आणि ती सांगत गेली. चंपाषष्ठीच्या दिवशी देवळातलं कुत्रं गर्दीत पिसाळलं. यादूच्याच कोटंब्यात ते रोज जेवायचं. त्याला धरायला यादू पुढे झाला, त्याच्या हाताला पहिला चावा. मग गर्दीत मिळेल त्याला. संध्याकाळी ते दीपमाळेखाली मेलं. रात्रभर गाव जागं होतं. गावातलं आणखी कुठलं कुत्रं उद्या पिसाळेल कुणाला माहीत, म्हणून ठरलं, एकही ठेवायचं नाही. आणि एकानं सगळ्यांची मारली तर पाप त्याच्या एकट्याच्या माथी बसेल, म्हणून ठरलं, ज्यानं त्यानं आपापलं मारायचं. सकाळी घरोघर भाकरीत औषध कालवलं गेलं. कुत्री आपल्याच माणसांच्या हातून खाऊन गेली, शेपट्या हलवत. मग पाटलांनी सगळ्यांना देवळापुढे बोलावलं. खंडोबाच्या दारात खंडोबाची कुत्री मारली, हे बाहेर कळता कामा नये. गावात कुत्रं नव्हतंच. पहिल्यापासून नव्हतं. आणि कुत्रं नव्हतं तर चावलं कुणाला?

यादूनं शपथ घेतली, पण दुसऱ्या दिवसापासून तो अन्नाला नीट शिवला नाही. घरोघरच्या कुत्र्यांची नावं त्याला पाठ होती.

ती बोलत असताना मी पाटलांकडे बघत होते. ते उठून येतील, तिला गप्प करतील, असं मला वाटत होतं. ते पोरीच्या केसांवरून हात फिरवत बसून होते.

"सगळी मिळून बावन्न," सोनाक्का शेवटी म्हणाली. "बावन्न जीव गेले एका सकाळी."

पाटलांनी मान वर केली. आपल्या घरचा कर्ता कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झोपलेल्या नातीच्या कानावर त्यांनी हात ठेवला आणि मग बोलले.

"बावन्न न्हाई आक्का. त्रेपन्न. माझ्या दारचं धरलं न्हाई तुम्ही."